पिवळ्या पट्टीच्या अलीकडे

अनुयाची स्कूटर खालच्या गल्लीत वळली की वर्षालीला ती आवाजावरून कळायची. गल्ली चिखलीतली, दोन्ही बाजूंना वर्कशॉप, सकाळपासून ग्राइंडरचा कालवा. तरी एवढ्या गोंगाटातून तो एकच आवाज तिचा कान वेचून काढायचा. मग जिन्यावर चपला वाजायच्या, दाराची कडी वाजायची आणि "आलात पण ताई?" असा प्रश्न यायचा. तोपर्यंत वर्षालीने मोबाइल पालथा घातलेला असायचा आणि स्क्रीनवर काहीतरी कामाचं उघडलेलं असायचं. प्रेम करणारा माणूस पावलं ओळखतो म्हणतात. हेवा करणाराही ओळखतो, आणि त्याचा कान जरा जास्तच तयार असतो.

खोली मुळात वर्षालीची. पावडर कोटिंगच्या, म्हणजे धातूला भट्टीत रंग चढवणाऱ्या, वर्कशॉपच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झाल्यावर तिने नोकरी न करता हा व्यवसाय काढला होता: कारखान्यांच्या भिंतींवर लागणारी चित्रं. मशीन कसं चालवायचं याचे तक्ते, सुरक्षेची पोस्टर, पार्टचे फोटो, कॅटलॉग. भोसरीपासून चाकणपर्यंत याला मरण नाही असं तिचं गणित होतं, आणि ते चुकीचं नव्हतं. अनुया तळेगाव दाभाड्याहून तिच्याकडे शिकायला आली, वर्षभर शिकली आणि मग अगदी संकोचून म्हणाली, की अर्धी खोली मला भाड्याने द्याल का. वर्षालीने मोठ्या मनाने दिली. मोठं मन तेव्हा होतं, कारण तेव्हा अनुया लहान होती.

आता अनुयाकडे काम जास्त होतं. का, हे वर्षालीने एखाद्या प्रयोगासारखं तपासायला घेतलं. हात चांगला आहे का? बराच, पण आपल्याहून चांगला नाही. ओळखी? नाहीत. मग फरक कुठे? फरक दिवसात होता. अनुया आली की टेबल पुसायची, मोबाइल पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावायची आणि चहापर्यंत मान वर करायची नाही. हातातलं संपल्याशिवाय दुसरं उघडायची नाही. वर्षालीकडे सगळं अर्धं असायचं. एक तक्ता रंगवता रंगवता दुसऱ्याची कल्पना सुचायची, ती पहिल्याहून भारी वाटायची, मग तिसरी. उत्साह आला की रात्रंदिवस करायची, गेला की चार-चार दिवस फाइल उघडायचा कंटाळा.

तिने डब्याचा उपाय करून पाहिला. वर्षालीच्या डब्यात मोबाइल घंटेसारखा घणघणायचा आणि ती झाकण उघडून बघायची, म्हणजे आधी नुसतं बघायची ते आता आवाज करून बघायची. अनुया हसून म्हणाली, "ताई, आधी व्हायब्रेशन बंद करा ना." साधी गोष्ट, आणि तीसुद्धा हिला सुचावी. वर्षालीला त्याचाही राग आला.

राग येण्यासारखं कारणही समोर होतं. घरी तिने वडिलांना शब्द दिला होता, की दिवाळीपर्यंत वर्षभराचं एखादं पक्कं काम मिळालं नाही तर ही खोली सोडेन आणि एखाद्या कंपनीच्या टेस्टिंग लॅबमध्ये लागेन. असं काम डोळ्यांसमोर एकच होतं. चाकणची एक पंप बनवणारी कंपनी वर्षभराचं सगळं चित्रांचं काम एकाच माणसाकडे द्यायचं म्हणत होती. तिथले ज्योतीराम साहेब वर्षालीला जुने ओळखायचे. पोस्टर तिच्याकडूनच घ्यायचे.

वडील, नंदकिशोर, मूळचे लातूरकडचे. भोसरीच्या एका कारखान्यात फोरमन म्हणून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून घरातल्या बरण्यांना लेबलं लावत होते. मुलीचं काम पसाऱ्यामुळे अडतं हे कळल्यावर ते एका गुरुवारी, म्हणजे इकडच्या कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी, पिवळ्या चिकटपट्टीची गुंडाळी आणि लाल टॅगचा गठ्ठा घेऊन खोलीवर हजर झाले. कारखान्यात शिस्त कशी लावतात ते त्यांनी दोघींना शिकवलं. खोलीच्या मधोमध पिवळी पट्टी ओढली: अलीकडे वर्षाली, पलीकडे अनुया. कात्री, फूटपट्टी, टेप यांची बाह्यरेषा भिंतीवर काढून तिथेच त्या अडकवल्या, म्हणजे काय जागेवर नाही ते लांबूनच दिसावं. आणि जी वस्तू नको असेल, बिघडलेली असेल किंवा चुकीच्या जागी असेल, तिला लाल टॅग.

"लाल टॅग लागला की ती वस्तू वापरायची न्हाई," ते म्हणाले. "आमच्याकडं मालकाच्या खुर्चीला लावला असता तर मालक उभा राहिला असता, लेकरा."

खोटं वाटेल, पण वर्षालीचं काम सुधारलं. समोर एकच वस्तू असली की मन तिच्यावर टिकतं, हे तिच्या लक्षात आलं. कंपनीची सुरक्षेची पोस्टर तिने आयुष्यात पहिल्यांदा मुदतीच्या आत संपवली, फ्रेम करून आणली आणि आपल्या बाजूला भिंतीशी नीट उभी केली. तिला वाटलं, आता आपली गाडी रुळावर आली.

त्याच आठवड्यात अनुयाने बातमी सांगितली. ज्योतीराम साहेबांनी तिला बोलावलं होतं. प्रदर्शनासाठी नव्या पंपाचा कॅटलॉग करायचा होता. तो पसंत पडला तर वर्षाचं काम तिचंच. सांगताना अनुयाचा आवाज बेतलेला होता, जसा लहान मुलाच्या हातातलं काही काढून घेताना बेततात तसा.

"तुम्हाला वाईट नाही ना वाटलं, ताई?"

"छे गं. अभिनंदन," वर्षाली म्हणाली आणि भिंतीशी नीटच असलेल्या फ्रेमा पुन्हा सरळ करायला लागली.

बुधवारी कंपनीतून पंप आला. साधा नव्हे, तर मधोमध कापून आतलं सगळं दिसेल असा केलेला, आतल्या भागांना निळे-पिवळे रंग दिलेला, पितळी पंखा लखलखीत घासलेला. प्रदर्शनासाठी कंपनीच्या फिटरने महिनाभर खपून तो एकच बनवला होता. अनुयाने तो दोन्ही हातांनी कसाबसा उचलून आणला, पट्टीजवळ टेकवला आणि मागे लावायचा कागद आणायला पुण्यात गेली.

वर्षालीने पाहिलं. पंपाचं बूड पट्टी ओलांडून अलीकडे आलं होतं, वीतभर. कधी न चुकणारी अनुया चुकली होती. वर्षालीला गोड वाटलं, हे तिला स्वतःला लपवता आलं नाही. ती उठली, गठ्ठ्यातून एक टॅग काढला, त्यावर "चुकीची जागा" असं लिहून खाली सही केली आणि पंपाच्या पाइपाला दोऱ्याने बांधला. अनुया आली की दिसेल. हसण्यावारी नेता येईल आणि लागायचं तेवढं लागेलही. मग ती खाली कोपऱ्यावर चहा प्यायला गेली.

चहा हातात असतानाच कंपनीच्या टेम्पोवाल्या भैरूचा फोन आला. भैरू चिखलीचाच, मूळ गावातला. पोस्टरच्या फ्रेमा न्यायला तो खोलीत येऊन उभा होता.

"ताई, कोन न्हाई हितं. काय काय न्यायचं?"

"माझ्या बाजूचं सगळं ने," वर्षाली म्हणाली. "पट्टीच्या अलीकडचं."

"व्हय, नेतो."

त्या क्षणी आपल्याला पंप आठवला होता का? हा प्रश्न तिने नंतर अनेकदा, अनेक बाजूंनी स्वतःला विचारला. उत्तर दर वेळी वेगळं आलं. प्रयोगशाळेत असं झालं असतं तर तिने ते रीडिंग रद्द केलं असतं.

चहानंतरही ती बाहेरची राहिलेली कामं करत रेंगाळली. दोनेक तासांनी वर आली तेव्हा नुकतीच परतलेली अनुया कागदाची गुंडाळी धरून खोलीच्या मधोमध उभी होती. पंप नव्हता. पट्टीवर त्याच्या बुडाचा तेलकट अर्धगोल तेवढा उमटला होता.

भैरूला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, की सगळं कंपनीत पोचवलं. फ्रेमा स्टोअरला दिल्या, आणि त्या पंपाला लाल टॅग होता म्हणून तो रिजेक्शनच्या, नापास मालाच्या, जाळीत टाकला. "लाल टॅगचा माल स्टोअर घेत न्हाई, ताई. आमाला तसंच शिकिवलंय." शिवाय उद्या गुरुवार, सुट्टी, सुट्टीच्या आधी भंगारवाला संध्याकाळी जाळी रिकामी करून नेतो, हेही त्याने आपणहून सांगितलं.

फोन वर्षालीच्या कानाला होता. तिने अनुयाला एवढंच सांगितलं, की भैरूने चुकून पंप नेला आणि तो भंगारात जायच्या आत गाठायला हवा.

दोघी वर्षालीच्या गाडीवरून निघाल्या. मोशीपर्यंत रस्ता बरा होता, इंद्रायणीच्या पुलानंतर नेहमीसारखं तुंबलं. कंटेनरमागे कंटेनर. मागे बसलेली अनुया तिच्या खांद्यावर हात ठेवून बोलत राहिली, की भैरूभाऊ तरी असे कसे, आणि ताई तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तुमचा यात काय दोष. दर शब्दागणिक तो हात जड होत गेला. पुढच्या कंटेनरचे लाल दिवे बघता बघता वर्षालीच्या मनात एक विचार येऊन गेला: हा असाच तुंबून राहिला तर? आपण पोचायच्या आत जाळी रिकामी झाली, तर टॅगही जाईल आणि पंपही. भैरूची चूक म्हणून मिटेल. कॅटलॉग होणार नाही. ज्योतीराम साहेब पुन्हा जुन्या माणसाकडे वळतील.

विचार आला तसा स्पष्ट दिसला, काचेच्या नळीतल्या पाऱ्यासारखा. तिने गाडी डाव्या कडेच्या मातीत उतरवली आणि खडखडत कंटेनर मागे टाकले. त्या विचाराला घाबरून की त्याच्यावर मात करून, हे काही तिला कळलं नाही.

कंपनीच्या गेटवर पास झाला, हेल्मेट मिळाली. रिजेक्शनची जाळी शेडच्या टोकाला होती आणि भंगारवाल्याचा ट्रक उलटा लागत होता. आत, तडकलेल्या कास्टिंगच्या ढिगावर, पंप बसला होता. पितळी पंख्यावर ऊन पडलं होतं. पाइपाला लाल टॅग लोंबत होता.

जाळीची किल्ली क्वालिटीच्या प्रितमकडे होती. पोरगेलासा इंजिनिअर, डोळ्यांत सुट्टीची वाट. त्याने समजून घेतलं, मान हलवली आणि कॉम्प्युटरकडे वळला.

"देतो ना मॅडम. फक्त टॅग लावणाऱ्याने मूळ कारण सांगायचं, मग सिस्टीम रिलीज देते. सही कुणाची आहे?"

"माझी," वर्षाली म्हणाली.

अनुयाने मान वळवली.

"टॅग चुकून लागला," वर्षाली घाईने म्हणाली.

"'चुकून' सिस्टीम घेत नाही. तीन वेळा 'का' विचारल्याशिवाय बॉक्सच भरत नाही, काय करता. सांगा. टॅग का लावला?"

"पट्टीच्या बाहेर होता."

"मग उचलून आत ठेवायचा. टॅग का?" त्याचा सूर कंटाळलेला होता, दिवसभर तो हेच विचारत असणार.

"तिला दिसावं म्हणून."

"दिसावं काय?"

मागे ट्रकवाला फाळका पाडत होता.

"की ती पण चुकते."

प्रितमची बोटं कीबोर्डवर थांबली. त्याने आधी वर्षालीकडे, मग अनुयाकडे पाहिलं आणि पुढचं विचारायचं टाळून स्क्रीनवरची धूळ अंगठ्याने पुसली. पुढचं अनुयाने विचारलं.

"का, ताई?"

"ते काम मला हवं होतं," वर्षाली म्हणाली. "आणि फक्त काम नाही. तुझी सकाळ हवी होती मला. तू येऊन बसतेस आणि तुला येतं, ते."

अनुयाचं तोंड हेल्मेटच्या पट्ट्यात आवळलेलं होतं. त्यावरून काही वाचता येईना. मग ती प्रितमला म्हणाली, "लिहा, साठवणुकीची जागा ठरलेली नव्हती."

"हां, हे घेईल," प्रितम म्हणाला आणि सुटल्यासारखा टाइप करायला लागला.

परतताना पंप दोघींच्या मध्ये होता, अनुयाच्या मांडीवर. खड्डा आला की त्याची कड वर्षालीच्या पाठीत रुतायची. ती पुढे सरकली नाही. मोशीच्या सिग्नलला अनुया पहिल्यांदा बोलली.

"फोटो उद्या काढायचे. गुरुवारी खालची भट्टी, मशिनं बंद असतात, मजला हलत नाही. दिवा धरायला माणूस लागेल."

"मी येते."

"मी विचारत नाहीये, ताई. सांगतेय." तिने मांडीवरचा पंप सरळ केला. "आणि दिवाळीनंतर मी पिंपळे गुरवला जागा बघणार आहे. हे आजचं नाही. आधीच ठरवलं होतं. सांगायचं कसं ते कळत नव्हतं, आता कळलं."

वर्षालीला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. अख्खी खोली तिची होणार होती. पण तिला दिसली ती एक सकाळ, जिच्यात खाली स्कूटर वळत नाही, आणि मोबाइल पालथा घालायचं काही कारणच उरलेलं नाही. पोस्टर मुदतीत संपली ती वडिलांच्या पट्टीमुळे, की पट्टीपलीकडे बसलेल्या बाईमुळे? दोन्ही गोष्टी एकाच वेळी हजर होत्या. असा प्रयोग काही सिद्ध करत नाही, हे तिला कॉलेजपासून ठाऊक होतं.

गुरुवारी गल्लीत चिटपाखरू नव्हतं. वर्षाली लवकर आली, आणि जिन्यात पोचते तोच स्कूटरचा आवाज आला. आज गोंगाट नसल्यामुळे तो पार मुख्य रस्त्यापासून ऐकू आला. तिचा हात नेहमीसारखाच मोबाइलकडे गेला. काल सगळं बोलून टाकलं म्हणून हेवा कमी झाला असेल अशी तिची एक भाबडी समजूत होती. तो तसूभरही हलला नव्हता.

अनुयाने पंप पट्टीच्या पलीकडे, पांढऱ्या कागदावर मांडला, कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला आणि दोन-तीन फोटो काढून पाहिले. पितळेवर दिव्याचा पांढरा गोळा भाजल्याच्या डागासारखा येत होता. रंगही त्या चमकेखाली फिके पडत होते. तिने दिवा वर केला, खाली केला, कागदाआड केला. डाग जागा बदलायचा, जायचा नाही. अनुयाच्या कपाळावर घाम आला. कामात अडलेली अनुया वर्षालीने आजवर पाहिली नव्हती.

उपाय तिला माहीत होता. गप्प बसणं अगदी सोपं होतं. त्याला चूकसुद्धा म्हणता आलं नसतं.

"माझ्या खणात पोलरायझरची फिल्म आहे," ती म्हणाली. "दिव्यापुढे एक, लेन्सवर एक. दोन्ही एकमेकींना आडव्या आल्या की चमक मरते."

अनुयाने क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "आणा," म्हणाली.

वर्षालीने एका हातात दिवा धरला, दुसऱ्या हाताने त्याच्यापुढे फिल्म धरून हळूहळू फिरवायला लागली. पांढरा गोळा आकसत गेला. निळा निळा झाला, पिवळा पिवळा झाला. पाणी पंपात कुठून शिरतं, कुठे वळतं, कुठून जोरात बाहेर पडतं, ते रंगांतून उघड दिसायला लागलं. कॅटलॉगचं पहिलं पान आता नक्की होतं, वर्षाचं कामही नक्की होतं, आणि दोन्हींवर नाव अनुयाचं असणार होतं. वर्षालीला ते पान छापल्यासारखं दिसलं. घरी गेल्यावर वडिलांना लॅबच्या नोकरीबद्दल विचारावं लागणार होतं.

"अजून फिरवा," अनुया कॅमेऱ्याआडून म्हणाली. "पूर्ण जाऊ दे."

"पूर्ण मारली तर पितळ मातीसारखं दिसेल. थोडी ठेवावी लागते."

"किती?"

वर्षालीचा दंड भरून आला होता, पण खालची मशिनं बंद होती, मजला स्थिर होता आणि हातही. तिने फिल्म केसभर मागे फिरवली. पंख्याच्या पात्याच्या धारेवर उजेडाची एक बारीक रेघ उमटली.

"थांबा," अनुया म्हणाली. "तिथेच."